चित्राखालचं नाव

गोष्ट चौऱ्याहत्तर-पंचाहत्तरची. आसेगावच्या शाळेत मी विज्ञान शिकवायचे. हृदयाचं धड चित्र असलेलं पुस्तक अख्ख्या शाळेत एकच होतं, आणि तेही माझं. रिसोडच्या एका शाळेतल्या चित्रकलेच्या सरांनी स्वतः काढून, स्वतःच छापून घेतलेलं. हृदय, फुप्फुस, कान, जास्वंदीचं फूल. प्रत्येक चित्राखाली मुंगीएवढ्या अक्षरांत त्यांचं नाव.

मी फळ्यावर हृदय काढलं की पोरं ओरडायची, "बाई, हा तं आंबा झाला!" खरंच आंबा व्हायचा. म्हणून ठरवलं, चित्रांच्या प्रती काढून सगळ्यांच्या हातात द्यायच्या. मुख्याध्यापकांनी पुस्तकाचं पहिलं पान माझ्यापुढे धरलं. "बाई, सर्व हक्क स्वाधीन लिवलं हाये." माझं डोकंच फिरलं. "पोरांले शिकवाले हक्क कायचा लागते? मी का विकून राह्यली?" त्यांनी पुस्तक मिटून मला परत दिलं. त्या बाबतीत माझं मत आजही तेच आहे, कोणी काही म्हणो.

स्टेन्सिल म्हणजे मेणाचा पातळ कागद. चित्रावर ठेवून टोकदार लेखणीने तो कोरायचा, मग सायक्लोस्टाईल यंत्रावर शाई फिरवून प्रती काढायच्या. चारही चित्रं मी एका पानावर बसवली. रेषा छान उतरल्या, पण ते बारीक नाव कोरताना कागद फाटला. दुसराही तिथंच फाटला. शेवटचा उरला तेव्हा मी नाव सोडून दिलं. पोरांना नावाशी काय करायचं, असं मनात म्हटल्याचं मला लख्ख आठवतं.

पोरांना हृदय कळलं. रक्ताची वाट बोटाने दाखवायची बेटी! ते पाहून शेजारच्या शाळांतले शिक्षक आमचा कागद मागून न्यायचे आणि त्यावरून आपापले स्टेन्सिल कोरायचे. बघता बघता तो पार रिसोडपर्यंत गेला. मी भारी खूश होते.

मग एका दुपारी एक हडकुळा माणूस वर्गाच्या दारात उभा राहिला. हातात आमच्यासारखाच कागद. "बाई, हे पह्यले तुमी कोरलं?" मी ऐटीत हो म्हटलं. "चित्रं माह्यी हायेत," तो म्हणाला. रिसोडचे तेच सर. त्यांची नोकरी कच्ची होती. ती पक्की करण्याच्या मुलाखतीत त्यांनी आपलं पुस्तक पुढे केलं, तर समितीतल्या एकाने हा कागद काढला. म्हणे, ही चित्रं शाळाशाळांत आहेत, तुम्हीच यावरून उतरवलीत.

"मले चोर म्हनलं, बाई. पोरांले शिकवा, लागन तेवढे कागद काढा, माह्यी ना नाही. पन नाव काहून काढलं?"

स्टेन्सिल फाटत होता, हे सांगताना माझी मलाच लाज वाटली.

त्यांचं मागणं एवढंच होतं. सोमवारी समिती पुन्हा बसणार होती. मी येऊन सांगायचं, की कागद पुस्तकावरून काढला. मी शब्द दिला. मुख्याध्यापकांनी ऐकलं आणि म्हणाले, "आपल्याच पायावर धोंडा कायले पाडून घेता? हक्क स्वाधीन असलेलं पुस्तक उतरवलं असं कबूल करसान, तं नोकरी जाईन तुमची." माझीही नोकरी कच्चीच होती. सोमवारी मी स्टँडवर गेले. रिसोडकडची एसटी लागली, भरली, निघाली. मी बाकावरच बसून राहिले. भ्याले, बस. दुसरं कारण नाही.

तेव्हापासून तो माणूस माझा पिच्छा सोडत नाही. वह्या तपासताना चित्राखाली कोरी जागा दिसली की माझा पेन तिथंच अडायचा. भर वर्गात, दाराशी कोणी उभं आहे असं वाटून मी बोलता बोलता थांबायचे. पोरं वळून बघायची. दारात कोणी नसायचं.

दोनेक वर्षांनी ते मंगरूळपीरला खरोखरच दिसले. शिडीवर चढून एका कापड दुकानाची पाटी रंगवत होते. पळून जावंसं वाटलं, तरी शिडीखाली जाऊन उभी राहिले. "सर, मी त्या दिवशी आली नाही," एवढंच तोंडातून फुटलं.

त्यांनी ब्रश थांबवला नाही. "पोरांले समजलं का पन हृदय?"

"समजलं. चांगलं समजलं."

तेव्हा ते वळले आणि हसले. "मंग झालं," म्हणाले.

शिव्या घातल्या असत्या, तर मी कधीच सुटले असते.