आकाशगंगेतलं अ‍ॅल्युमिनियम आणि आमचं गोदाम

दुर्बिणीच्या नादाने लोक लडाखला जातात. माझं नशीब असं की मी गॅमा किरण निवडले. ते आपल्या हवेतच अडतात, म्हणून दुर्बीण उपग्रहावर बसवावी लागते, आणि तिची माहिती इंटरनेट असेल तिथे उतरते. अगदी राहनाळच्या आमच्या गोदामाच्या ऑफिसातसुद्धा. या विषयाने मला पळायला सबबच ठेवली नव्हती.

बाबांच्या बायपासच्या वेळी मी संशोधन अर्धवट असतानाच पुण्याहून घरी आले. दिवसभर ट्रकवाल्यांना गेटपास द्यायचे आणि मधल्या वेळात ताऱ्यांनी उधळलेलं किरणोत्सारी अ‍ॅल्युमिनियम शोधायचं. ते लाखो वर्षं विझत असतं आणि विझताना ठरावीक ऊर्जेचे किरण सोडतं. वैताग असा, की उपग्रहाचा सांगाडाही अ‍ॅल्युमिनियमचाच. अंतराळातल्या कणांच्या माऱ्याने तोही तसेच किरण सोडतो. दुर्बिणीला आकाशापेक्षा स्वतःचंच अंग जास्त दिसतं, आणि ते वजा करत मी खिडकी नसलेल्या खोलीत बसायची. जीव नुसता गुदमरायचा.

बाबा आता हिंडू-फिरू लागले होते. मला परत जायचं होतं. दुसरं काही नको होतं.

"तुजं आभाल इथंच बघ ना, बाय," बाबा म्हणायचे. "नेट हाय. एसी लावून देतो."

"मॅडमना विचारावं लागेल," मी म्हणायची. मॅडम म्हणजे माझ्या पुण्याच्या गाइड, कडक होत्या. त्या परत बोलावतील, याच भरवशावर मी होते.

आमच्या घरात फोन कोणी कानाला लावत नाही. स्पीकरवर टाकायचा आणि सगळ्यांनी मिळून बोलायचं. मॅडमचा फोन आला तेव्हा माझंही बोट सवयीने स्पीकरवर गेलं. मी काही बोलायच्या आत बाबांनीच विचारलं, "मॅडम, इसको उधर आना जरुरी है क्या?"

"बिलकुल नहीं," मॅडम म्हणाल्या. "डेटा तो वहाँ भी वही है. बेटी आपके पास रहे, मैं सब मंजूर करवा दूँगी."

इतक्या मायेने बोलल्या, की मला त्यांचा भयंकर राग आला. बाबांचे डोळे भरून आले होते. माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "आता तुला कुटंच जायाला न्हाय लागनार, बाय."

"खुश हो ना?" फोनमधून मॅडमनी विचारलं.

मी हो म्हणाले. दोघांनाही ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने.