देव्हाऱ्यातला झिरोचा बल्ब

आमच्या इमारतीत बहुतेक देव्हाऱ्यांत झिरोचा लाल बल्ब असतो. तो गेला की कुणी कचऱ्याच्या बादलीत टाकत नाही. देवापुढे जळलेला ना तो! सुकलेल्या हारांबरोबर निर्माल्यात जातो. निर्माल्याचं खत करायला सोसायटीने गच्चीवर पिंप ठेवलंय. ही सगळी डोंबिवलीतली शिकलीसवरलेली माणसं, बँकांतून आणि शाळांतून निवृत्त झालेली. काच कुजत नाही, हे त्यांना मी सांगायचं!

पिंपातलं खत घरोघरी वाटतात. आईने ते तुळशीत घातलं, हाताने कालवून. तुळशीला खुरपं लावायला तिला आवडत नाही. बोटात काच गेली. आईला साखरेचा त्रास, मी ओरडेन म्हणून तिने ते माझ्यापासून लपवलं. बोट काळंनिळं पडल्यावर दाखवलं. डॉक्टरांनी पेर कापलं. करंगळीशेजारचं बोट, ज्याने ती देवांना गंध लावायची.

मी उरलेलं खत चाळलं. लाल काचा निघाल्या, बल्बची पितळी टोपीही निघाली. सोसायटीच्या मीटिंगमध्ये ते सगळं टेबलावर ओतलं.

"आमच्याकडचा नाही हां, आम्ही कधीच एलईडी लावलेला," शेजारच्या काकू म्हणाल्या.

"ताई, पर्सनली घेऊ नका," अध्यक्ष म्हणाले. "आपण नोटीस लावू, निर्माल्यात बल्ब टाकू नये."

"मग कुठे टाकावा, तेही लिहा," मी म्हटलं.

अध्यक्षांनी पुढचा विषय घेतला. घंटागाडीवाले काच घेत नाहीत, भंगारवाला बल्ब बघूनच हात झटकतो. मागे सोसायटीने बल्ब-ट्यूब गोळा करायला खोका ठेवला होता, फोटोही काढले होते. न्यायला कुणी आलंच नाही. खोका अजून मीटररूममध्ये धूळ खातोय. नोटीस मात्र दुसऱ्या दिवशी लागली, अर्धीच.

घरी आल्यावर आई म्हणाली, "कशाला भांडलीस? मीही टाकलाय की गं निर्माल्यात. तुझ्या बाबांनी लावलेला बल्ब, भाजीच्या देठांत कसा टाकू?"

मला तिचाही राग आला. पट्टी बांधलेल्या त्या हाताचासुद्धा आला, आणि तो अजून पुरता गेलेला नाही.

गेल्या आठवड्यात आमच्या देव्हाऱ्यातला बल्ब गेला. आईने डाव्या हाताने काढला, वर्तमानपत्रात गुंडाळला आणि माझ्यापुढे धरला. "नाही टाकला बघ निर्माल्यात. तू नीट दे कुठेतरी."

मी तो ऑफिसच्या पर्समध्ये ठेवला. ठाण्यात दोन दुकानांत विचारलं. एकाने मान हलवली, दुसरा हसला. बल्ब रोज माझ्याबरोबर ठाण्याला जातो आणि परत येतो.

संध्याकाळी आई दिवा लावता लावता विचारते, "दिलास का गं?"

मी हो म्हणते.