लेसचं टोक

मुलाच्या बुटात नवी लेस ओवताना तिचं टणक टोक नखावर टक्‌कन वाजलं आणि मला २०१६ मधला बोर्डीचा रस्ता आठवला.

माझी नवी गिअरची सायकल पायडल मारलं की टकटकायची. "चिकूच्या टोपल्या लादून तुम्हीच बिघडवलीत," मी बाबांवर भडकलो. त्यांनी सुरूंच्या सावलीत एक फेरी मारली. "माझ्याखाली नाही रे वाजत."

"तुम्हाला ऐकू येतं कुठे!"

ते उतरले. मी तिरीमिरीत निघालो. वाटेत खाली पाहिलं, तर माझ्याच बुटाची लोंबती लेस पायडलच्या दांड्यावर आपटत होती. ती मोज्यात खोचली आणि घरी सांगितलं, "मिस्त्रीने दुरुस्त केली."

बाबांनी सायकलला बांधलेली टोपलीची दोरी सोडून घेतली. पुढे चिकूच्या वाडीत ते कायम चालतच गेले. आणि मी, आवाज न करणाऱ्या सायकलवरून, रोज त्यांच्या शेजारून.