चातुर्मासात सोडलेली गोळी

आमच्याकडे चातुर्मासात बाया काही ना काही सोडतात. सासूबाईंनी वांगं सोडलं, अकोल्याच्या मोठ्या ननंदेनं साखरेचा चहा. मी गोळी सोडली. कोणाला सांगितलं नाही, कारण मी ती घेते हेच घरात माहीत नव्हतं.

यांचं हृदयाचं ऑपरेशन झालं तेव्हा घाबरून घाबरून माझाच जीव अर्धा झाला होता. घास उतरायचा नाही, छाती धडधडायची. डॉक्टरांनी पंधरा दिवसांसाठी ती लहानशी गोळी लिहून दिली. पहिल्याच गोळीनं मी माणसात आले, खोटं कशाला बोलू. पण पंधरा दिवसांची चार वर्षं झाली. जुन्या चिठ्ठीवर मेडिकलवाला देत गेला, मी घेत गेले. अर्धीची एक झाली, एकीच्या दोन. मग दूध गॅसवर ठेवून विसरू लागले, शाळेत पेपर तपासताना डोळे मिटू लागले. स्वतःचीच चीड यायची. म्हणून महालक्ष्म्या बसायच्या दोन दिवस आधी ठरवलं, आता बस. वांगं सोडतात तशी एका झटक्यात सोडली. शिकलेली बाई मी, पण तेवढी अक्कल नव्हती.

महालक्ष्म्यांच्या जेवणाच्या दिवशी अमरावतीच्या आमच्या घरात पाय ठेवायला जागा नव्हती. माझे हात सकाळपासून थरथरत होते, पातळ घामानं भिजलं होतं. भांडं वाजलं तरी जीव दचकायचा. दुपारी नैवेद्याचं ताट उचललं आणि सगळं अंगच हलायला लागलं. ताट पडलं, आंबील सांडली.

"अंगात आली माय," म्हणत सासूबाईंनी हात जोडले. कोणीतरी कपाळभर कुंकू फासलं. एरवी मला मास्तरीण म्हणून टोमणे मारणाऱ्या ननंदेनं माझे पाय धरले. "सांग वं माय, माह्या पोरीचं लगन कवा होईन?"

क्षणभर वाटलं, होऊ द्यावं. चार वर्षांत मला कोणी काय होतं म्हणून विचारलं नव्हतं, आणि आता अख्खं घर हात जोडून उभं. पण छाती फुटते की काय असं झालं होतं. ही माणसं मला ओवाळत बसली असती आणि मी तिथंच गेले असते.

"देवी नाही आली," मी कसंबसं म्हटलं. "मी चार वर्षांपासून भीतीची गोळी खाते. ती एकदम बंद केली. मले दवाखान्यात न्या."

ननंदेनं पाय सोडले. "सोवळ्यात असतानी हे काय बोलून राहिली तू?" सासूबाई म्हणाल्या. यांनी मात्र सरळ गाडी काढली.

डॉक्टर चिडले. "अशी एकदम तोडत नसतात बाई. झटके येऊन जीव जातो." गोळी पुन्हा सुरू केली. थोडी थोडी करत कमी करायची, वर्षही लागेल म्हणाले. ऐकूनच थकले मी.

महिन्याभरानं ननंदेचा फोन आला. तब्येतीचं तिनं विचारलं नाही.

"दोन मिनिटं अजून देवी राहिली असती," ती म्हणाली, "तं माह्या पोरीचं तरी समजलं असतं."

मी बरं म्हटलं, फोन ठेवला आणि त्या दिवसाच्या पावणेदोन गोळ्या घेतल्या.