पाइपामागचा महासागर

मंठा तालुक्यात साहेबराव पेंटरांचा हात लागला नाही अशी भिंत शोधायची म्हटलं तर दिवस जाईल. ग्रामपंचायतींच्या पाट्या त्यांच्या, पाण्याच्या टाक्यांवरची उपदेशाची वाक्यं त्यांची, पार शहागडच्या ढाब्यांवर ट्रकवाल्यांना खुणावणाऱ्या तंदुरी कोंबड्याही त्यांच्याच. पुढं फ्लेक्स आला आणि भल्याभल्यांनी ब्रश ठेवून दिले. साहेबराव टिकले, आणि त्याचं श्रेय ते स्वतःला देत. तसं सगळ्याच गोष्टींचं श्रेय ते स्वतःला देत, पण या एका बाबतीत थोडं तथ्य होतं.

तथ्य असं की बेचाळीस वर्षांत साहेबरावांनी रंगवलेलं कधी पुसलं नव्हतं. दुसरे पेंटर भिंतीच्या डाव्या कडेला ऐटीत सुरुवात करतात आणि उजवी कड येईपर्यंत त्यांची अक्षरं एकमेकांच्या उरावर बसायला लागतात. साहेबराव चहाचा कप संपेपर्यंत भिंतीकडं नुसते बघत. मग वितीनं माप घेत, चुन्याची दोरी मारत आणि मगच पहिलं अक्षर काढत. शेवटचं अक्षर बसायला पाहिजे तिथंच बसे. "पुसायचं काम आपल्याकडं बिलकुल न्हाई," हे ते गिऱ्हाइकाला कामाच्या आधी सांगत, नंतर सांगत, आणि गिऱ्हाईक गरीब दिसलं तर मधेही दोनदा सांगत. कुणी शिकायला आलं की म्हणत, "अक्षर कोनी बी काढतं. दोन अक्षरांमधली मोकळी जागा ज्याला काढता आली, त्यो पेंटर."

मंठ्याजवळच्या एका गावातल्या शाळेनं गेल्या वर्षी मैदानाकडच्या भिंतीवर जगाचा नकाशा काढायचं ठरवलं. मुख्याध्यापिका होत्या सत्यशीला, म्हणजे साहेबरावांचीच थोरली लेक. तिचं घर बापाच्या घरापासून दोन गल्ल्यांवर, आणि संध्याकाळचा चहा रोज आईच्या हातचा. तेव्हा काम दुसऱ्या पेंटरला देण्याचा प्रश्नच नव्हता. तिनं बापाच्या हातात नकाशांचं पुस्तक दिलं, "बाबा, माप बघून काढा," म्हणाली आणि आठवडाभराच्या प्रशिक्षणासाठी जालन्याला निघून गेली.

पुस्तक साहेबरावांनी एकदा उघडलं आणि रंगाच्या डब्याखाली ठेवलं. डबा टेकायला ते बराबर जाडीचं होतं.

पहिल्या दिवशी त्यांनी भारत काढायला घेतला. सरपंच रामराव आले, मागं हात बांधून उभे राहिले आणि म्हणाले, "साहेबराव, आपला देश जरा ठळक येऊ द्या. लांबून दिसला पाहिजे." देश ठळक झाला. मग कडूबा आला. कडूबाला तीन एकर सोयाबीन आणि गावभर चौकशा. "यात जालना कुठं?" त्यानं विचारलं. जालना दाखवायचा तर महाराष्ट्र मोठा पाहिजे आणि महाराष्ट्र मोठा तर देश त्याहून मोठा. मग गोदावरी आली. गोदावरी आल्यावर मंठा न दाखवणं बरं दिसेना. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत भारतानं निम्मी भिंत व्यापली. उरलेल्या निम्म्या भिंतीत बाकीचं जग बसवायचं होतं.

साहेबराव गडबडले नाहीत. त्यांनी आफ्रिका जवळ ओढली, युरोप वर चेपला, ऑस्ट्रेलियाला खिडकीखाली जागा दिली आणि दोन्ही अमेरिका डाव्या कडेला उभ्या केल्या. सगळे देश बसले. एकही चेंगरला नाही. शेवटी देशांच्या मधे ज्या फटी उरल्या त्यांत त्यांनी निळा रंग भरला. निळ्या रंगाची त्यांच्याकडं कधीच कमी नव्हती, चौदा एप्रिलची तालुक्यातली सगळी कामं त्यांच्याचकडं असत. पण या वेळी पाव डबासुद्धा लागला नाही. मुंबईचा माणूस टांग टाकून आफ्रिकेत उतरेल एवढा अरबी समुद्र झाला. डाव्या कडेला अमेरिकेच्या पलीकडं चार बोटं जागा होती, तिथं स्लॅबवरचं पावसाचं पाणी खाली आणणारा पाइप होता. त्यामागं ब्रश घालून साहेबरावांनी पॅसिफिक महासागर उरकला.

सोमवारी सत्यशीला आली. थेट भिंतीसमोर जाऊन उभी राहिली.

"बाबा, समुद्र कुठंय?"

"हे काय, निळं."

"एवढाच?"

"मोकळी जागा हाय ती. तिथं कोन राह्यतं?"

"बाबा, जगात चारातले जवळजवळ तीन वाटे पाणी आहे. पॅसिफिक महासागर एकटा सगळ्या जमिनीहून मोठा आहे. तुम्ही तो पाइपामागं घातला!"

"पाइप मी लावला का?" साहेबराव म्हणाले. "आन् समुद्र मला नको सांगू. अकरा वेळा पाह्यला मी. दिसतो तेवढाच हाय."

हे 'अकरा वेळा' खरं होतं. सहा डिसेंबरला जमेल त्या वर्षी ते चैत्यभूमीला जात. पण त्यांची बायको गिरिजाबाई चहा गाळता गाळता म्हणायच्या ते जास्त खरं होतं. "अकरा वेळा गेल्ते. सगळा दिवस रांगेत, न्हाई तर पुस्तकांच्या दुकानापुढं. समुद्राकडं पाठ. येताना चपलेत रेती घेऊन आल्ते, तेवढाच ह्यांचा समुद्र."

सत्यशीला पुसा म्हणाली. साहेबराव नाही म्हणाले. त्या दिवसापासून ते लेकीला 'मॅडम' म्हणायला लागले. ते रागावले की लेकीला तिच्या हुद्द्यानं बोलवत. "मॅडमला चहा द्या," एवढंच त्या घरात ऐकू यायचं आणि मॅडम फुर्रकन चहा पिऊन जायच्या. तिनं तरी किती सोसावं? चुकीचा नकाशा मुलांना शिकवता येईना आणि बापाची भिंत दुसऱ्याकडून पुसून घेववेना.

मग तिनं वर्गात शिकवायला घेतलं. आपला पाऊस समुद्रावरून येतो. हजारो मैल पाण्यावरून वारं येतं, ओल उचलतं आणि आपल्याकडं आणून टाकतं. श्वासातल्या प्राणवायूचा मोठा वाटा समुद्रातल्या डोळ्यांना न दिसणाऱ्या वनस्पती बनवतात. खत, डिझेल, भज्यांचं तेल जहाजातून येतं. आणि लांबचा तो पॅसिफिक, त्याचं पाणी नेहमीपेक्षा जास्त तापलं, तर पुष्कळदा आपल्याकडं पाऊस ओढ देतो. मुलांनी हे घरोघर पोचवलं. आणि नेमका जुलैत पावसानं खंड दिला. बावीस दिवस थेंब नाही.

आता गावाला वेळच वेळ होता. शाळेसमोर माणसं जमायला लागली.

"पेंटर, एवढ्याशा समुद्रातून आपल्या वाट्याला किती पाऊस येनार?" कडूबानं विचारलं.

"जरा हात सैल सोडला असता तर सोयाबीन वाचलं असतं," रामराव म्हणाले. ज्यांच्या सांगण्यावरून देश ठळक झाला तेच हे रामराव.

"त्यो पाइपामागचा तापला म्हनं!" मागून कुणीतरी ओरडलं.

साहेबराव आधी हसले, मग चिडले. "समुद्र काढल्यानं पाऊस पडतो का? ही अंधश्रद्धा हाय! या तालुक्यात अंधश्रद्धेच्या विरोधातली समदी वाक्यं माझ्या हातची हायेत!" दुसऱ्या दिवशी सकाळी पाइपापाशी कुणीतरी हळदकुंकू वाहून नारळ फोडून ठेवला होता. कुणी ते अजून कळलेलं नाही. कडूबा त्या दिवशी फार गंभीर चेहऱ्यानं हिंडत होता.

नारळ उचलायला म्हणून साहेबराव दुपारी शाळेत गेले. शाळा सुटली होती, शिपाई मावशी तेवढी होती. ऑफिसच्या टेबलावर पृथ्वीचा गोल होता. लेकीचं म्हणणं खोटं पाडायचं तर पुरावा लागेल, म्हणून त्यांनी खिशातली दोरी काढली आणि गोलावर भारत मापला. मग गोल फिरवला. आफ्रिका आली, गेली. अमेरिका आली, गेली. आणि मग पाणी यायला लागलं. त्यांनी गोल तिथंच थांबवला आणि नाक टेकेल इतकं जवळ जाऊन पाहिलं. त्या बाजूनं जग जवळपास निळंच होतं. माशी बसावी तशी चारदोन बेटं, कडेला कडेला थोडी जमीन. जगाची अख्खी एक बाजू त्यांनी पाइपामागं चार बोटांत घातली होती.

साहेबराव खुर्चीवर बसले. जमिनीच्या आकारांची त्यांनी अक्षरं केली होती आणि समुद्राची पाटी. आणि पाटी म्हणजे काय, उरलीसुरली जागा. मधल्या मोकळ्या जागेवर ज्यानं जन्मभर दुसऱ्यांना भाषण दिलं, त्यानंच ती देशांना वाटून टाकली होती. त्यांना फार वाईट वाटलं. लाजही वाटली, आणि ती ज्याच्यापासून लपवावी असं खोलीत कुणी नव्हतं.

"मावशे, खोल किती असंल हे?" त्यांनी व्हरांड्यात झाडू मारणाऱ्या शिपाई मावशीला विचारलं.

"मॅडम सांगत होत्या वर्गात. जगातला सगळ्यात उंच डोंगर त्याच्या खोल भागात ठेवला तर बुडून वर मैलभर पानी राह्यतं म्हनं."

साहेबरावांनी गोल हळूच पूर्ववत केला.

पुसायचं तर आता नक्की होतं, पण पुसायचं कसं? आज पुसलं तर गाव म्हणणार, पेंटरनं पावसासाठी समुद्र वाढवला. दोन दिवसांत पाऊस आला तर भिंतीपुढं दरवर्षी नारळ फुटणार आणि त्या देवस्थानाचे पहिले पुजारी साहेबराव ठरणार. नाही पुसलं तर लेकीच्या शाळेतली पोरं चुकीचं जग पाहत मोठी होणार. हे लेकीला सांगावं तर ती म्हणणार, आता पटलं ना. म्हणून ते गप्प राहिले आणि आयुष्यात पहिल्यांदा कडूबाहून जास्त आतुरतेनं ढगांकडं पाहायला लागले. गावात कुणी समुद्राचं नाव काढलं की मान खाली घालत. लोकांना वाटलं, पेंटर मऊ पडले.

बाविसाव्या दिवशी ढग आले, तेविसाव्या दिवशी पाऊस. सलग तीन दिवस पडला. वाफसा होईपर्यंत रानात पाय ठेवायची सोय नव्हती, म्हणून चौथ्या दिवशी उघडीप होताच सगळं गाव शाळेपाशी येऊन उभं राहिलं. साहेबराव शिडी, खरवडणी आणि पॉलिश पेपर घेऊन आले.

"ओ पेंटर, आता कशाला पुसता?" कडूबा ओरडला. "पाऊस आला की! समुद्र हाय तेवढा बराबर हाय."

"राहू द्या," रामराव म्हणाले. "देश कसा लांबून दिसतो. उगं खर्चा कशाला?"

काल ज्यांना समुद्र कमी पडत होता त्यांना आज तो पुरेसा झाला होता. गावाचं असंच असतं, त्यावर रागावून उपयोग नाही. साहेबराव शिडीवर चढले.

"पावसासाठी पुसून राह्यलो न्हाई," ते म्हणाले. "म्हनूनच पाऊस येऊपर्यंत थांबलो."

"मंग कशासाठी?"

सत्यशीला व्हरांड्यात हजेरीचं रजिस्टर घेऊन उभी होती. साहेबरावांनी तिच्याकडं पाहिलं, मग भिंतीकडं. हे वाक्य त्यांनी कधी कुठल्या भिंतीवर रंगवलं नव्हतं, आणि तोंडानं तर नाहीच.

"चुकलं म्हनून," ते म्हणाले. "माझं चुकलं. समुद्राला जागाच ठेवली न्हाई मी."

सत्यशीलानं रजिस्टर कठड्यावर ठेवलं आणि चिखलातून येऊन शिडी धरली. तिचे डोळे भरले होते, आणि ते साहेबरावांना वरून स्पष्ट दिसलं. मग त्यांनी खरवडणी उचलली आणि आधी जालना खरवडला.