तिसरा पुकारा

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असं ज्याने कुणी म्हटलं त्याने माझ्या बायकोच्या मामांना पाहिलेलं नव्हतं. गेली सात वर्षं मामा ती पायरी रोज चढतात, आणि तीही स्वतःचं काडीचं काम नसताना. लातूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कोर्टात (कोणत्या ते विचारू नका, तिथल्या वकिलांशी मला गोडीत राहायचं आहे) साडेदहाच्या एसटीने उतरायचं, भाकरीचा डबा मांडीवर घेऊन मागच्या बाकावर बसायचं आणि परक्यांचे दावे कान देऊन ऐकायचे. कुणाच्या विहिरीचा वाद कोणत्या पिढीत सुरू झाला, कोणता साक्षीदार उलटतपासात रडतो, सगळं त्यांना तोंडपाठ. माझ्या लग्नात अंतरपाट धरलेला असताना त्यांनी भटजींना थांबवून भाचीला विचारलं होतं, "हे स्वखुशीनं हाय ना बाई? कोणाचा दबाव न्हाई ना?" ती "न्हाई" म्हणाली, तेव्हा कुठे मंगलाष्टकं पुढे सरकली. मी आजवर त्या जबाबावर टिकून आहे.

फुकट सल्ला देण्यात मामांचा हात कुणी धरणार नाही. त्यांचा लाडका सल्ला एकच, "सरकारी कागद दिसला की हात पाठीमागं. घेतला की गुतला!" हा मंत्र त्यांनी गावाला दिला, पाहुण्यांना दिला आणि स्वतःच्या सालगड्याकडून तर घोकून घेतला. सालगडी इमानी माणूस. एके दिवशी बेलीफ समन्स घेऊन शेतावर आला, तेव्हा त्याने बैलांचं पाणी तसंच सोडून दोन्ही हात पाठीमागे बांधले आणि "घेत नसतो!" असं ठणकावून सांगितलं. बेलीफाला वाटलं, हेच मामा. त्याने लिहून टाकलं, 'प्रतिवादी सकाळी साडेअकरा वाजता समक्ष भेटले, समन्स घेण्यास नकार दिला.' सालगड्याने ही गोष्ट मामांना सांगितलीच नाही. कागद घेतलाच नाही तर सांगायचं काय, हे त्याचं म्हणणं.

दावा होता मामांच्या चुलतभावाचा, शेताच्या बांधाचा. त्या बांधावर मामींनी स्वतःच्या हाताने लावलेला गावरान आंबा आहे आणि त्याच्या सावलीत चुलतभावाचं सोयाबीन खुरटतं. तारखेला मामांच्या नावाचा पुकारा झाला, कुणी आलं नाही, आणि दावा एकतर्फी निकाली निघाला. मामा कुठे होते? त्याच इमारतीत, वरच्या मजल्यावर, दुसऱ्याच कुणाचा वाटणीचा दावा ऐकत! चुलतभाऊ हुकमाची नक्कल आणि कुऱ्हाड घेऊन बांधावर उभा राहिला, तेव्हा मामांना कळलं. इतकी वर्षं मी या माणसाला हसलो होतो. त्या दिवशी ते खोडाला पाठ लावून बसले आणि उठेनात, तेव्हा मला हसू आलं नाही. हातापाया पडून मी चुलतभावाकडून आठ दिवस मागून घेतले.

मामांनी हुकूम रद्द करण्याचा अर्ज दिला. सुनावणीला समोरच्या वकिलाने बिनतोड मुद्दा काढला, "समन्स बजावण्यात चूक झाली असेलही, पण हा माणूस रोज कोर्टात असतो. याला तारीख माहीत नव्हती, हे कसं पटावं?"

जज मॅडमनी विचारलं, "खाली बोर्ड लागतो. त्यावर तुमचं नाव दिसलं नाही?"

"मी दुसऱ्याचीच नावं बघतो, मॅडम. स्वतःचं कोण हुडकतंय?"

"आणि बेलीफ आला तेव्हा तुम्ही कुठे होता?"

मामांचा चेहरा उजळला. "तुमच्याच समोर उभा होतो की! एका वकीलसाहेबानं तारीख चुकीची सांगितली, मी बाकावरून दुरुस्त केली, तर तुम्ही मला उभं करून लई झापलं. नाव लिहून घेतलं."

मॅडमनी त्या दिवसाचा रोजनामा मागवला. निघाली की ओळ! प्रेक्षकांतील इसमाने कामकाजात व्यत्यय आणला, समज देण्यात आली; खाली मामांचं संपूर्ण नाव, आणि वेळ साडेअकरा. समोरचा वकील मटकन बसला. त्या समजेचा राग येऊनच मामा वरच्या मजल्यावर बसू लागले होते, म्हणजे त्या झापण्यानेच त्यांना बुडवलं आणि त्यानेच तारलं.

मॅडमनी रोजनामा मिटून विचारलं, "पण काम नसताना तुम्ही रोज येता कशाला?"

मामा पहिल्यांदाच अडखळले. "मालकीण गेली सात वर्षांखाली. घरी कोणी आवाज देत न्हाई, मॅडम. हितं न आलेल्या माणसालाबी तीनदा पुकारतात."

हुकूम रद्द झाला, आंब्याला हात लावायची मनाई झाली, दावा पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला. पहिल्या तारखेला मी मामांसोबत गेलो. शिपायाने दाराशी येऊन त्यांच्या नावाचा पुकारा केला. मामा माझ्या शेजारी ढिम्म. दुसरा पुकारा झाला. मी घाबरून त्यांचं कोपर ओढू लागलो, तर त्यांनी माझा हात दाबून ठेवला. तिसऱ्याला मात्र उभे राहून असे "हाजीर!" म्हणाले की दोन वकिलांच्या हातून फायली पडल्या.

बाहेर आल्यावर मी चिडून म्हणालो, "मामा, परत एकतर्फी करायचं होतं का?"

"नाराज नका होऊ, जावईबापू," मामा डबा उघडत म्हणाले. "पहिल्याच हाकेला उठलो असतो, तर बाकीच्या दोन कोणी मारल्या असत्या?"