बटलरमामांची जीभ

बटलरमामा स्वतः रांधलेलं ताटात घेऊन बसायचे, पहिला घास घ्यायचे आणि मला विचारायचे, "सांग गो, कसं लागतंय?" परक्याला वाटावं, म्हाताऱ्याला कौतुक ऐकायची हौस आहे. कसली हौस! त्यांच्या जिभेला चवच उरली नव्हती, आणि हे कसाऱ्यात फक्त मला ठाऊक होतं.

घाटातल्या रेल्वेच्या कामावरच्या गोऱ्या साहेबाच्या बंगल्यात ते स्वयंपाकी होते. मामांचं गाव वैशाखरे. माझा नवरा लाइनीवर गँगमन, आणि मी बंगल्यावर मसाला वाटायला, भांडी घासायला जायची. एका पावसाळ्यात मामांना मुदतीचा ताप आला. ताप उतरला, पण जाताना वास आणि चव दोन्ही घेऊन गेला. मीठ पडलंय की साखर, हेसुद्धा कळेना. चुलीपुढे बसून ते मला म्हणाले, "चव नाय त्या बटलरला कोन ठेवील गो? आन ह्या वयात मी जाऊ कुठं?" एवढा धिप्पाड माणूस, पण पोरासारखा विचारत होता. मलाच भीती वाटली.

भात-कालवणाचं मी निभावून नेलं असतं. पण साहेबाची पांढरी वाईन? शार्डोने नावाच्या द्राक्षाची, ओकच्या लाकडी पिपात मुरवलेली. प्रत्येक बाटली आधी मामांनी चाखायची, ती बिघडलेली नाही ना ते बघायचं आणि तिला साजेसं ताट करायचं, असा रिवाज होता. आता ती चाखायची मी! कुणब्याची सून! सासूबाईंना नुसता वास लागला असता तरी झिंज्या धरून मला खर्डीला माहेरी पोचवली असती. पहिला घोट घेतला तेव्हा अंगाला काटा आला. घरी जाताना मी लवंगा चघळत गेले आणि सासूबाईंशी तोंड फिरवूनच बोलले.

मामा शिकवायला मात्र कडक. "आधी हुंग. मग तोंडात फिरव. घाई नको. गिळल्यावर गप बस, आन शेवटी काय राहतं ते सांग." मी माझ्या भाषेत सांगायची. कढवलेल्या लोण्याचा वास, पिकलेलं अननस, नव्या पेटीचं लाकूड, आणि शेवटी भाजलेलं खोबरं. ते डोळे मिटून ऐकायचे आणि म्हणायचे, "व्हय, तीच. हिला लोण्यातल्या चिंबोऱ्या दे. कोकम नको, मिरची तर नकोच नको. मिरचीनं ही दारू कडू व्हती." मला वाटायचं, वेडेच आहेत साहेब लोक, खेकडा आणि तोही बिनतिखटाचा! पण एकदा उरलेली चिंबोरी आणि वाईन मिळून चाखली आणि ताटली पुसून खाल्ली. फार चांगलं लागत होतं.

मग एकदा मुंबईचा मोठा साहेब जेवायला आला. येताना स्वतःची बाटली घेऊन आला, मोठ्या मानानं. मामांनी बूच काढून थेंबभर माझ्या वाटीत ओतली. मी हुंगली. ना लोणी, ना खोबरं. पावसात कुजलेल्या गोणपाटाचा वास.

"मामा, ही खराब हाय."

"नीट बघ गो. पावन्याची बाटली हाय. वंगाळ म्हनलं आन चांगली निघाली, तर माझं बोचकं आजच बाहेर."

मी परत हुंगली. एक घोट तोंडात फिरवला. "गोणपाटच हाय, मामा."

आणि मामा माझ्या शब्दावर, फक्त माझ्या शब्दावर, बाटली घेऊन जेवणाच्या खोलीत गेले. मी दाराआड उभी. आतलं बोलणं थांबलं. खुर्ची करकरली. देवा, मी काय करून बसले! मग पाहुण्यानं स्वतः हुंगली आणि तो मोठ्यानं हसला. मामा बाटली तशीच घेऊन परत आले, मोरीत रिकामी केली आणि मटकन खाली बसले. त्यांचा सदरा घामानं भिजला होता. "वाचलो गो पोरी," एवढंच म्हणाले.

साहेब विलायतेला गेला तसे मामा वैशाखऱ्याला गेले. पुढच्याच वर्षी निरोप आला, मामा अंथरुणाला खिळलेत. नवऱ्याला घेऊन मी गेले. ते ओळखूच येत नव्हते. माझा हात त्यांनी असा घट्ट धरला की सोडवेना. "भ्या वाटतंय गो," म्हणाले.

मी तूप घालून पेज केली. एक चमचा त्यांना दिला, एक मी घेतला.

"सांग."

"कढवलेलं लोणी, मामा. मग तांदळाची गोडी."

"आन शेवटी? शेवटी काय राहतं?"

भीतीनं माझी जीभ कोरडी पडली होती. मला आता कसलीच चव लागत नव्हती. त्यांच्याशी मी आजवर कधी खोटं बोलले नव्हते.

"भाजलेलं खोबरं," मी म्हटलं. "बराच वेळ राहतंय, मामा."

मी दुसरा चमचा भरवला, तो त्यांनी गिळला नाही. तोंडात धरून डोळे मिटले, आणि शेवटी काय राहतं त्याची वाट बघत राहिले.